९.३×६२ साठी गोळी आणि भार: प्रकल्प नोंदी

९ नोव्हेंबर

रायफल ९.३×६२ काडतुसाची. त्यासाठी गोळी आणि पावडरचा भार मीच निवडून काडतुसं भरणार आहे. बोल्ट अ‍ॅक्शन, लाकडी दस्ता, नळी ५६० मि.मी., आट्यांचा (नळीतल्या पेचदार खाचांचा) फेर नेहमीचाच, ३६० मि.मी.ला एक. स्कोपसकट वजन ३.९ किलो. परवान्यात बसणारं सावज दोनच प्रकारचं, रानडुक्कर आणि मोठं हरीण. अंतर बहुतेक वेळा शंभर मीटरच्या आत, झाडीत. कधीतरी मोकळ्या माळाच्या कडेवरून दीडशे, फार तर दोनशे. त्यापुढे मी चाप ओढणार नाही, म्हणून त्यापुढचा हिशेबही या वहीत येणार नाही.

हे पहिल्याच पानावर लिहून ठेवतोय, कारण स्वतः काडतुसं भरायला बसलं की भलेभले वेगाच्या मागे लागतात. हे काडतूस त्या जातीचंच नाही. बर्लिनचे बंदूककार ओटो बॉक यांनी ते १९०५ मध्ये आणलं, तेव्हा डोळ्यांसमोर आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतींमधले शेतकरी आणि शिकारी होते. माउझर ९८ च्या साध्या लांबीच्या अ‍ॅक्शनमध्ये बसावं आणि तरी मोठ्या जनावराला पुरावं, एवढीच अपेक्षा. .३७५ एच अँड एच १९१२ मध्ये आलं, त्याला जास्त लांबीची महागडी अ‍ॅक्शन लागली, ९.३ ला ती कधीच लागली नाही. १८.५ ग्रॅमची, म्हणजे २८६ ग्रेनची गोळी सेकंदाला ७२० मीटरच्या आसपास, हा त्याचा रुळलेला संसार. शंभर वर्षांत यात फार भर पडली नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलंही नाही. स्वीडन-फिनलंडकडे मूसच्या शिकारीत ते आजही मानाने वापरलं जातं.

क्रम ठरवला: आधी गोळी, मग पावडर, मग बाकीचं. रेंजवर पाहतो ते बरेचदा उलटं असतं. हाताशी आहे ती पावडर, तिला मानवेल तो भार, त्यात छोटा ग्रुप (टार्गेटवर भोकांचा पसारा) देईल ती गोळी. जनावराचा नंबर शेवटी.

१२ नोव्हेंबर

कागदावरचा हिशेब. सहज मिळणारी वजनं तीन: २३२, २५० आणि २८६ ग्रेन. सेक्शनल डेन्सिटी (गोळीच्या जाडीच्या मानाने तिचं वजन) अनुक्रमे ०.२४७, ०.२६७ आणि ०.३०५. शिशाच्या साध्या गोळ्यांचा जमाना होता तेव्हा हा आकडा खोल शिरण्याचा बऱ्यापैकी अंदाज द्यायचा. आता गोळीची बांधणी त्याच्यावर मात करते. लागल्यावर गोळीचं निम्मं वजन झडून गेलं, तर डब्यावरची डेन्सिटी घेऊन काय करायचं?

आता मार्ग. २८६ ची गोळी ७२० ने निघाली आणि झिरो (नेम आणि मार जिथे जुळतात ते अंतर) दीडशे मीटरवर ठेवली, तर शंभरवर ती साधारण ४ सें.मी. वर आणि दोनशेवर ११ सें.मी. खाली. २५० ची निमुळती गोळी ७७५ ने निघाली, तर शंभरवर ३ वर आणि दोनशेवर ९ खाली. म्हणजे ज्या सपाट मार्गाची एवढी चर्चा होते, तो माझ्या शेवटच्या अंतरावर दोन सेंटिमीटरांचा आहे. गुडघ्यावर टेकून नेम धरला की माझा हात त्याच्या कितीतरी पट हलतो. नळीच्या तोंडाशी ऊर्जाही सारखीच, दोन्हींची ४८०० जूलच्या आसपास. धक्काही सारखाच: या वजनाच्या रायफलीत सुमारे ४० जूल. तेवढ्याच वजनाच्या .३०-०६ मध्ये २७ च्या आसपास असतो, म्हणजे खांद्याला दीडपट मोजावं लागतं.

मग वजन निवडायचं कशावरून? लागतानाच्या वेगावरून. प्रत्येक बांधणीची एक खालची मर्यादा असते. गोळी त्याहून हळू लागली तर नीट उमलत नाही, सरळ भोक पाडून निघून जाते. बॉन्डेड (आवरणाला शिसं जोडलेल्या) गोळ्यांसाठी सेकंदाला साधारण ५५० मीटर धरतात. पूर्ण तांब्याच्या गोळ्यांसाठी मी स्वतःपुरती ६०० ची रेघ ओढली आहे. वरची मर्यादाही असते, पण ती मुख्यतः साध्या गोळ्यांना. पंचवीस मीटरवर डुकराच्या खांद्याच्या हाडावर पूर्ण वेगाने आदळल्यावर त्या टिकतात का, हा खरा प्रश्न.

२८६ ची तांब्याची गोळी या हिशेबात इथेच बाद झाली. सातशेने निघून दोनशे मीटरवर ती ५८० च्या घरात येते. तांब्याचीच घ्यायची तर २५० ची: ७६० ने निघाली तर दोनशेवर ६१० च्या आसपास. जेमतेम बसते, पण बसते.

१७ नोव्हेंबर

चार प्रकारच्या गोळ्या आल्या. साधी २८६ (तांब्याच्या मिश्रधातूचं आवरण, आत शिसं), मधे धातूचा पडदा असलेली पार्टिशन २८६, बॉन्डेड २५० आणि पूर्ण तांब्याची २५०.

या चौघींमागे एकच जुनं दुखणं आहे: शिसं आणि आवरण एकमेकांना सोडतात. जॉन नोस्लर यांना १९४६ मध्ये कॅनडात मूसच्या शिकारीत हा अनुभव आला आणि त्यांनी गोळीच्या पोटात पडदाच घातला. पुढचा भाग खुशाल फुटावा, पडद्यामागचा शाबूत राहावा. १९४८ मध्ये त्यांनी ती विकायला काढली. बॉन्डेड गोळीत शिसं आवरणाला जोडूनच टाकतात. १९८९ मध्ये बार्न्सने एक्स गोळी आणली आणि शिसंच काढून टाकलं. पुढे पोकळ टोक, बाकी अखंड तांबं, लागल्यावर चार पाकळ्या उलटतात.

व्हर्नियर लावला. तांब्याची २५० लांबीला २८६ च्या शिशाच्या गोळीजवळ जाते. यात नवल नाही: शिशाची घनता ११.३, तांब्याची जेमतेम ९. पण परिणाम महत्त्वाचा. लांब गोळी केसमध्ये, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, जास्त आत बसते, पावडरची जागा खाते आणि दाब चढतो. म्हणून शिशाच्या २५० चा भार तांब्याच्या २५० ला लावायचा नाही. वजन सारखं असलं तरी कोष्टकं वेगळी.

तांब्याच्या बाजूने आणखी एक गोष्ट. हे मांस घरात शिजतं. शिशाच्या गोळीचे बारीक कण जखमेपासून बरेच दूर, डोळ्यांना न दिसतील असे पसरतात, हे एक्स-रेमध्ये स्पष्ट दिसतं. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या, डेन्मार्कने १ एप्रिल २०२४ पासून रायफलच्याही केल्या. वारं कुठल्या दिशेला आहे ते दिसतंच आहे. तरी निकाल आत्ता देत नाही, आधी चाचणी.

२४ नोव्हेंबर

पितळेचा दिवस. सगळ्या केस एकाच कारखान्याच्या, एकाच लॉटच्या. धुतल्या, वाळवल्या, वंगण लावून फुल-लेंग्थ डायमधून (अख्खी केस मापावर आणणाऱ्या साच्यातून) काढल्या. नुसती मान दाबून काम भागतं असं म्हणणारे बरेच आहेत. टार्गेटपुरतं भागतही असेल. शिकारीच्या रायफलीत दुसरं काडतूस अंधारात, घाईत, चिखलाच्या हातांनी बोल्ट मारला तरी चेंबरमध्ये गेलंच पाहिजे. त्यामुळे डाय असा लावला की खांदा ०.०५ मि.मी. मागे जाईल. फार मागे ढकलला तर प्रत्येक बाराला केस ताणली जाते आणि बुडाच्या वर पितळ पातळ होत जातं.

ते पातळपण बाहेरून दिसण्याआधी आतून कळतं. कागदाची टाचणी सरळ करून टोकाला जरासा आकडा वळवला, तो केसमध्ये घालून भिंतीवरून वर ओढत आणला. बुडापासून बोटाच्या पेराएवढ्या अंतरावर आकडा कशात तरी अडकल्यासारखा वाटला की ती केस बाद. जुन्या ढिगातल्या काही केस अशा निघाल्या, आणि बाहेरून त्या अगदी नव्यासारख्या होत्या. पक्कड लावून चेपून टाकल्या, म्हणजे चुकून परत येणार नाहीत.

लांबी ६१.८ मि.मी.ला कापली (कमाल ६२.०). तोंड आतबाहेरून घासलं. तांब्याच्या गोळीला आतली कड थोडी जास्त उतरती ठेवली, नाहीतर बसवताना ओरखडा येतो.

३० नोव्हेंबर

पावडर. केसची क्षमता ७८ ग्रेन पाण्याची आणि नळी रुंद, म्हणजे मध्यम वेगाने जळणारी पावडर हवी. वार्गेट, एन१४०, रीलोडर १५ हा टप्पा. खूप सावकाश जळणारी पावडर या केसमध्ये मावेल तेवढी भरली तरी हवा तो वेग देत नाही, कारण ती जळून संपायच्या आत गोळी नळी सोडते. दोन पावडरी घेतल्या: वार्गेट आणि गोलसर दाण्यांची एक. दुसरीचा मोठा गुण हा की मापातून पाण्यासारखी पडते. वार्गेटचे दाणे कांडीसारखे, मापाच्या कडेवर कटकन कापले जातात, म्हणून प्रत्येक भार तराजूवर.

भाराचे ग्रेन या नोंदींमध्ये मुद्दाम लिहीत नाही. माझं चेंबर, माझं पितळ, माझा पावडरचा लॉट यांना जो भार मानवला, तो दुसऱ्याच्या रायफलीत कमालीच्या वर जाऊ शकतो. ज्याला भरायचं त्याने गोळीच्या आणि पावडरच्या कारखान्याचं चालू कोष्टक उघडावं, सुरुवातीच्या भारापासून चढावं. इथे मी ‘सुरुवात’ आणि ‘कमाल’ लिहीन ते त्या कोष्टकातलं.

टेबलाचे नियम एकदाच लिहितो. एका वेळी टेबलावर पावडरचा एकच डबा. काम संपलं की मापातली पावडर त्याच डब्यात परत. तराजू सुरू करताना आणि मधेमधे तपासवजनाने पडताळणी. भरलेल्या केस लाकडी ठोकळ्यात उभ्या ठेवून, गोळी बसवण्याआधी टॉर्चने प्रत्येकीत डोकावणं. या केसमध्ये दुप्पट भार मावतच नाही, सांडतो. धोका रिकामीचा आहे. प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टोपी) एकटा गोळीला नळीत ढकलून तिथेच अडकवू शकतो, आणि ‘फुस्स झालं वाटतं’ म्हणत कुणी दुसरं काडतूस मारलं तर नळी फाटते. आवाज विचित्र आला की बोल्ट काढून नळीतून उजेड बघायचा, मग पुढचं.

प्रायमर साधे लार्ज रायफल. मॅग्नमची गरज दिसली तर पाहू.

७ डिसेंबर

भार चढवत नेण्याचा दिवस. थंडी, सकाळी ४ अंश. प्रत्येक पायरीला थोडीच काडतुसं. उद्देश ग्रुप नव्हता, वेग आणि दाब बघायचा होता. क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) नळीला बांधायचा आहे. त्याच्या वजनाने मार सरकतो, म्हणून आज टार्गेटकडे लक्षच दिलं नाही.

कोष्टकातली नळी ६०० मि.मी. आहे, माझी ४० ने आखूड. सेकंदाला दहा-बारा मीटर कमी यायला हवेत. तांब्याची २५० सुरुवातीपासून बरोबर त्या रेषेवर चालत गेली आणि कमालीच्या एक पायरी खाली ७५८ आली. बोल्ट हलका, केसच्या बुडावर इजेक्टरची चकचकीत खूण नाही, म्हणजे जादा दाबाची निशाणी नाही. तिथेच थांबलो. कोष्टकाची कमाल अजून वर होती. पण हिशेबाला ७६० हवे होते ते मिळाले, मग वरचे आठ-दहा मीटर घेऊन काय करणार?

प्रायमर चपटा झाला का, यावर लोक दाबाचा अंदाज बांधतात. त्या खुणेवर माझा फारसा भरवसा नाही. मऊ प्रायमर कमी दाबालाही चपटा होतो, कडक प्रायमर दाब हाताबाहेर गेला तरी गोल राहतो. क्रोनोग्राफ जास्त खरं बोलतो. आखूड नळीतून कोष्टकापेक्षा जास्त वेग आला तर तो फुकट आलेला नसतो, दाब कुठेतरी चढलेला असतो. या काडतुसाची सीआयपीची (काडतुसांची मानकं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) दाबाची मर्यादा ३९०० बार आहे. घरी तो दाब मोजता येत नाही, म्हणून वेगावर नजर.

गोलसर पावडरने वेग थोडा जास्त दिला. दोन्ही ठेवल्या, उन्हाळ्यात पुन्हा बघायच्या.

२१ डिसेंबर

भिजवलेल्या वर्तमानपत्रांची चाचणी. गठ्ठे रात्रभर पाण्यात, सकाळी निथळून पेटीत दाबून बसवले. पंचवीस मीटर आणि दोनशे मीटर, दोन्ही अंतरांवरून. ओला कागद म्हणजे मांस नव्हे, हाड तर नव्हेच. पण चारही गोळ्यांना एकच परीक्षा मिळते.

पंचवीस मीटरवरून साधी २८६: आवरण ३१ सें.मी.वर सापडलं, शिशाचा गोळा ३८ वर. दोघं वेगवेगळे. शिल्लक वजन ५८ टक्के. दोनशे मीटरवरून तीच गोळी सुरेख उमलली, एकसंध राहिली, ७४ टक्के. म्हणजे गोळी वाईट नाही. माझं शंभराच्या आतलं काम तिच्या पट्ट्यात येत नाही.

पार्टिशन २८६: पुढचा भाग जवळपास नाहीसा, मागचा बुटका दंडगोल जसाच्या तसा. ७१ टक्के, ५२ सें.मी. खोल. नोस्लर यांनी जे सांगितलं तेच ती अजून करते.

बॉन्डेड २५०: छत्रीसारखी पसरली, सर्वांत रुंद ठिकाणी १८ मि.मी. शिल्लक ८६ टक्के, खोली ४६. दोनशेवरूनही नीट उमलली.

तांब्याची २५०: पंचवीसवरून चारही पाकळ्या पार मागे, वजन जवळपास पूर्ण, खोली ६१. दोनशेवरून पाकळ्या उघडल्या पण कमी वळल्या, रुंदी पहिलीपेक्षा स्पष्ट कमी. ६०० ची रेघ हवेतली नव्हती हे कागदावर दिसलं. त्यापुढे दोनशेवीस-तीस मीटरवर काय होईल ते बघायची इच्छा झाली होती, पण तिथे मी मारणारच नाही.

४ जानेवारी

ग्रुप. शंभर मीटर, टेबलावरून, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या. नळी गार होऊ देत, दहा-दहाचे. या धक्क्याला दहा म्हणजे खांद्याची परीक्षाच, जाड गादी घेतली.

बॉन्डेड ४१ मि.मी., तांब्याची ४७, पार्टिशन ५२.

शेजारच्या टेबलावर रेंजवरचे एक जुने काका होते. त्यांनी माझं टार्गेट बघून भुवया उंचावल्या. “अरे, सत्तेचाळीस? लोक तर पंधराचे ग्रुप दाखवतात.”

“काका, ते तीनाचे असतात. हा दहाचा आहे.”

“मग तीनच मार ना, काडतुसं वाचतील!” म्हणाले आणि स्वतःच हसले. त्यांना माहीत आहे. पण प्रश्न बरोबर आहे, म्हणून उत्तर वहीत.

एकाच रायफलीतून, एकाच भाराने तीन-तीनाचे खूप ग्रुप मारले तर त्यांची जी सरासरी येईल, त्याच्या सुमारे १.६ पट दहाचा ग्रुप येतो. ४७ ला भागलं की ३० च्या आसपास. आणि तीनाचे ग्रुप त्या तीसभोवती बेफाम झुलतात. आधीच्या कागदांवर याच भाराचे तीनाचे ग्रुप १४ पासून ४२ पर्यंत आहेत. चौदाचा कापून पाकिटात ठेवला असता तर मीही ‘अर्ध्या मिनिटाची रायफल’ (मिनिट हे कोनाचं माप, अर्धं म्हणजे शंभर मीटरवर साधारण १५ मि.मी.) मिरवली असती. उलट ४२ चा आधी आला असता तर एक चांगला भार हकनाक सोडून दिला असता. अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने भार बदलून प्रत्येकी तीन गोळ्या मारायच्या आणि सर्वांत छोटा ग्रुप उचलायचा, ही पद्धत बहुतेक वेळा नाणेफेकच असते.

वेगातल्या चढउताराचंही तेच. पाच बारांवरून स्टँडर्ड डेव्हिएशन (वेग सरासरीभोवती किती विखुरतो त्याचं माप) ३ आलं, तर खरं उत्तर २ पासून ८-९ पर्यंत कुठेही असू शकतं. तसं ते माझ्या अंतरावर खिजगणतीतही नाही. पाच मीटर प्रति सेकंदाचा फरक दोनशे मीटरवर मार अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरने हलवतो.

४१ आणि ४७ मधला फरकही उद्या पुन्हा मारले तर उलटा होऊ शकतो. ग्रुपवर निवड होणार नाही, हे आज नक्की झालं. निवड तांब्याची: कागदात सर्वांत खोल, जवळून फुटत नाही, दोनशेवर उमलते, मांसात शिसं नाही. बॉन्डेड दुसऱ्या नंबरवर, आणि कुणाला दोनशेच्या पुढे जायचं असेल तर तीच पहिली.

१८ जानेवारी

गोळी किती आत बसवायची ते. आट्यांची सुरुवात कुठे होते ते मानेला चीर दिलेली केस वापरून काढलं: गोळी ढिली बसवून बोल्ट हळूच बंद करायचा, आटे तिला मागे ढकलतात, बाहेर काढून मोजायचं. तांब्याच्या गोळीला आट्यांपासून १.३ मि.मी. तरी दूर ठेवा, असं बार्न्सचं सांगणं आहे. १.३ आणि २.० दोन्ही मारून पाहिले, फरक काढावा असा दिसला नाही. २.० ठेवलं, कारण मॅगझिनमध्ये जागा सुटते.

मॅगझिनचं काम जास्त गरजेचं होतं. एवढ्या धक्क्यात खाली थांबलेल्या काडतुसांची टोकं मॅगझिनच्या पुढच्या भिंतीवर आपटतात आणि गोळी मानेत आत सरकू शकते. सरकली की दाब बदलतो. एका काडतुसावर खूण करून ते तळाशी ठेवलं, वरची मारत राहिलो, परत भरून पुन्हा. मापात ०.०२ च्या आत. मानेची पकड पुरेशी आहे, क्रिंपची (केसचं तोंड गोळीवर आवळण्याची) गरज नाही.

२५ जानेवारी

झिरो दीडशेवर. शंभरवर ४ वर, दोनशेवर १० खाली, कागदावरचा हिशेब आणि टार्गेट जुळले. गार, स्वच्छ नळीतला पहिला बार उजवीकडे जातो, म्हणून हंगामात नळी स्वच्छ करणार नाही. दोन-तीन बार मारूनच बाहेर काढायची. गोळीचा प्रकार बदलताना मात्र तांबं काढणाऱ्या द्रावणाने पूर्ण साफ.

९ फेब्रुवारी

रानडुक्कर, सत्तर मीटर, पूर्ण आडवं. दोन्ही खांद्यांतून आरपार. तीसेक मीटर गेलं आणि कोसळलं. बाहेर पडल्याची जखम दोन बोटं जाईल एवढी, रक्ताचा माग पहिल्या उडीपासून. खांद्याभोवतीचं काळवंडलेलं मांस साध्या गोळीपेक्षा बरंच कमी.

२३ फेब्रुवारी

हरीण, एकशे दहा, तिरकं माझ्याकडे तोंड करून. गोळी छातीच्या पुढून शिरली आणि मागच्या मांडीत कातड्याखाली अडकली. बोटाने चाचपलं तेव्हा वाटाण्यापेक्षा मोठी गाठ लागली, सुरीने कातडी चिरताच बाहेर आली. तीन पाकळ्या मागे वळलेल्या, कडा धारदार, हात लावताना जपायला लागलं. चौथी तुटून वाटेत राहिलेली. तोडलेल्या जागी तांबं खरबरीत, भुरकट. तराजूवर २३१ ग्रेन. अख्ख्या धडाच्या लांबीचा प्रवास करून एवढी शिल्लक म्हणजे ओल्या कागदाने फसवलं नाही.

तुटलेली पाकळी शोधूनही मिळाली नाही. मांस कापताना ती दातांखाली येऊ शकते, हे घरात सांगून ठेवलं.

१० मे

उन्हाची परीक्षा. ३६ अंश, काडतुसं सावलीतच पण तास-दोन तास बाहेर. डिसेंबरच्या तुलनेत वार्गेट ५ मीटर प्रति सेकंद जास्त. गोलसर पावडर १७ जास्त, आणि शेवटच्या काही बारांना बोल्टची मूठ उचलताना किंचित चिकट. हिवाळ्यात हाच भार निर्धोक होता. गोलसर पावडर बाद; मापातून पाण्यासारखी पडते म्हणून किती आवडली होती, पण हिवाळ्यात भरलेलं उन्हाळ्यात बिनधास्त मारता आलं पाहिजे. काडतुसांचा डबा गाडीच्या काचेखाली ठेवायचा नाही, हे वार्गेटलाही लागू.

१६ ऑगस्ट

दमट हवेत मार ५ सें.मी. डावीकडे आणि वर. भाराला हात लावण्याआधी लाकूड बघितलं. नळी आणि दस्ता यांच्यामधून कागदाची पट्टी सरकवली, मागून सरळ आली आणि टोकाच्या चार बोटं अलीकडे अडली. लाकूड फुगून नळीला टेकलंय. खाच घासून मोकळी केली, उघड्या लाकडाला तेलाचे हात दिले. पट्टी आता टोकापर्यंत जाते. मार जागेवर.

११ ऑक्टोबर

जुना वार्गेटचा डबा संपत आला. नवा उघडला, लॉट वेगळा. एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही जळण्याचा वेग थोडा इकडेतिकडे असतो, म्हणून ठरलेला भार तसाच्या तसा न घेता पाच टक्के खाली आलो आणि पुन्हा क्रोनोग्राफसमोर पायऱ्या चढलो. ७५८ गाठायला जुन्यापेक्षा ०.४ ग्रेन जास्त लागले, अजूनही कमालीच्या खाली. पेटीवरच्या चिठ्ठीवर गोळीचा, पावडरचा आणि प्रायमरचा लॉट, केस कितव्यांदा भरली, एकूण लांबी आणि तारीख. जुन्या लॉटची उरलेली काडतुसं झिरो तपासायला वापरायची, हंगामासाठी नव्या लॉटचीच भरली. पुढच्या आठवड्यात दहाचा एक ग्रुप आणि दोनशेवर पडताळणी बाकी आहे.